वीर बसवण्याआधी

छावणी, औरंगाबाद
१२ फेब्रुवारी २००७

तीर्थरूप बद्रीनाथ भाऊजी यांना आशाचा नमस्कार.

इकडे मी आणि बन्सी खुशाल आहोत. तिकडे आत्याबाई, जाऊबाई आणि लेकरंबाळं बरी असतील. आत्याबाईंच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली पाठवली होती, ती पोचली की नाही ते जाऊबाईंनी अजून कळवलं नाही. पोचली असेल तर सकाळी कोमट करून लावायचं, गार लावलं तर उपयोग नाही.

पत्र बघून तुम्ही चमकाल. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तुमच्याशी एक शब्द बोललेले नाही. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही ही आपल्या घरची रीत. मी फोन करते आणि तुम्ही उचलता, तेव्हा मी गप्प राहते. कुणी बोलत नाही म्हणजे आशाचा फोन आहे हे तुम्ही ओळखता आणि जाऊबाईंना हाक मारता. इतकी वर्षं आपलं असं चाललंय आणि कुणाचं काही अडलं नाही. पण भासऱ्याला पत्र लिहू नये असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

माझं काम बरं चाललंय. इब्राहीमचाचांच्या दुकानात हल्ली लष्कराच्या वर्द्या फार येतात. कुणाची पँट ढिली करायची, कुणाच्या बाहीवर फीत शिवायची, कुणाला नावाची पट्टी. नवीन भरती झालेली पोरं आरशासमोर उभी राहून स्वतःलाच सलाम ठोकतात आणि चाचा हसतात. मला मेलं हसू येत नाही, मी दोरा ओवत बसते.

आता पुण्याच्या कार्यक्रमाचं.

बन्सीच्या वडिलांच्या दलाला पन्नासच्या वर वर्षं झाली म्हणून त्यांनी सोन्याचं नाणं काढलं आणि नोकरीत असताना गेलेल्यांच्या घरच्यांना बोलावून ते दिलं, हे चांगलंच केलं. माणूस जाऊन इतका काळ लोटला तरी घरचा पत्ता शोधून काढला. मांडव मोठा होता, चहा गरम होता, कुणी उद्धटपणे बोललं नाही. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. स्टेजवर यायच्या नावांत 'आई व थोरले बंधू' एवढंच त्यांना आपल्याकडून कळवलं गेलं होतं, त्याला ते तरी काय करणार. मी खाली खुर्चीवर बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचं कोण? मी म्हटलं, त्या स्टेजवर चढतायत त्या माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, मग तुम्ही का नाही गेलात? मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात.

आत्याबाईंच्या हातात निळी डबी ठेवली, फोटो काढला. खाली आल्यावर त्यांनी डबी उघडली, नाणं डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. एका बाजूला दलाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी. त्यांनी विचारलं, "माझा पुंजा कुठंय गं ह्याच्यावर?" मी त्या पहाऱ्यावरच्या शिपायावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "ह्याला तोंडच नाय." तेवढ्यात तुम्ही डबी मिटून खिशात घातली, कारण जीपवाले निघायची घाई करत होते.

त्यानंतर करमाडला फलक लागला, तो मी बसमधून बघितला. तुमचा फोटो हात जोडलेला, चांगला दारासारखा उंच. वर कोपऱ्यात तुमच्या धाकट्या भावाचा, तो बसमधून नीट दिसतही नाही. खाली लिहिलंय, 'वीरबंधू बद्रीनाथ'. वीरमाता ऐकलं होतं, वीरपत्नीही ऐकलं होतं. वीरबंधू मला नवीन आहे. येत्या निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाला असं काहीतरी लागतच असेल, मला त्यातलं कळत नाही.

मग जाऊबाईंचा फोन आला, की नाणं मोडून त्याचा टाक करायचा ठरलंय. धुळवडीला देवघरात वीर बसवायचा. लढाईत गेलेल्या पूर्वजाचा टाक आपल्याकडं देवात असतोच, धुळवडीला लाल फडक्यात नारळासोबत बांधून तो वाजतगाजत मिरवतात, हे मला माहीत आहे. वीर हातात धरायला त्याच्या रक्ताचा मुलगा लागतो, म्हणून बन्सीला नवा फेटा घेऊन ठेवलाय, असंही त्यांनी सांगितलं. फेटा नारंगी आहे म्हणे.

गेल्या आठवड्यात बटणं आणायला गुलमंडीवर गेले होते, तशीच पुढं सराफ्यात आपल्या नेहमीच्या सोनारांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कौतुकानं साचा दाखवला. घोडा, घोड्यावर माणूस, हातात उपसलेली तलवार. मी म्हटलं, घोडा कशाला? ते म्हणाले, "वैनी, वीर म्हनजे घोड्यावरच ऱ्हातो. पायी वीर मी आजवर केला नाय."

भाऊजी, तुम्हीच सांगा. घरच्या बैलाला वैरण टाकतानासुद्धा जो माणूस गव्हाणीच्या अलीकडून पेंढी फेकायचा, त्याला घोड्यावर बसवताय. जाऊबाई त्यावरून त्यांना किती चिडवायच्या. परत येऊन मी चाचांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बेटी, सिक्के पे तो बिचारा खड़ा है, ड्यूटी कर रहा है. उसको वहीच खड़ा रहने देते तो क्या बिगड़ता था?" एका वर्दीची बाही उलटी शिवली, ती पुन्हा उसवत बसले.

बन्सी हाका मारतोय, जेवायचं खोळंबलंय. बाकीचं उद्या लिहिते.

१३ फेब्रुवारी

काल इथपर्यंत लिहिलं ते आज पुन्हा वाचलं. फेटा, फलक, घोडा, सगळं लिहिलं. ज्यासाठी कागद घेतला ते लिहिलंच नाही. एवढी वर्षं गप्प राहायची सवय झाली की कागदावरही माणूस गप्पच राहतो.

तर आता तारेचं.

तेव्हा त्यांच्या दलात सुटी अशी मिळत नव्हती. मिळायची ती तारेवर. घरून तार जायची, 'आई सिरीयस, ताबडतोब या', आणि ती दाखवली की वरचे साहेब सही करायचे. आई घरी भाकऱ्या थापत असायची हे साहेबांनाही ठाऊक असायचं. त्यांच्याही घरून अशाच तारा येत असतील. सगळ्या छावण्यांत सगळी पोरं हेच करायची, त्यात खोटं असं कुणी धरत नव्हतं.

तुमच्या भावाचं पत्र आलं तेव्हा तुम्ही ते अंगणात मोठ्यानं वाचलंत. मी आत चुलीपुढे होते, बन्सी पोटात होता. शब्द मला पाठ आहेत. 'दादा, आई सिरीयस म्हणून तार करा. दुसरं काही कारण नाही. इथं झोप येत नाही. आठ दिवस घरी येऊन झोपायचंय.' तुम्ही हसलात. म्हणालात, "झोपायला येतो म्हनं. सरकार काय झोपायचा पगार देतंय व्हय?" अंगणातली माणसंही हसली. मलाही आत जरा हसू आलं होतं, लाजेनं. नवरा घरी यायचं म्हणतोय एवढंच मला ऐकू आलं होतं.

मग दुसरं पत्र आलं, मग आणखी एक. तेव्हा तुम्ही जाऊबाईंकरवी निरोप दिलात, की आई नाही म्हणते. जित्या माणसाच्या मरणाची तार करू नये. गावातल्या फकिरा नावाच्या माणसानं भावासाठी 'बाप सिरीयस' अशी खोटी तार केली होती आणि त्याचा बाप खरंच त्याच पंधरवड्यात गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आईच्या जिवावर असं कुणी लिहावं, असं तुम्ही म्हणालात. मी जाऊबाईंकडून उलटा निरोप दिला, आत्याबाईंना भीती वाटत असेल तर माझ्या नावानं करा. 'बायको सिरीयस' लिहा. तुमचं उत्तर आलं, पोटुशी बाईच्या नावानं असलं लिहीत नसतात. मला ते मायेचं वाटलं. खरं सांगते, त्या दिवशी मला तुमच्याबद्दल बरं वाटलं होतं.

पुढं तार आली, ती तिकडून आली.

रायफल साफ करताना गोळी सुटली, असं कागदावर आहे. गावात तुम्ही चकमक सांगितलीत, अतिरेकी सांगितले, तेही मी ऐकून घेतलं. पण तुमच्या भावाचा देह घेऊन जो सोबती आला होता, बुटका, मिशीवाला, त्यानं तुम्हाला ओसरीत बाजूला घेऊन काय सांगितलं, ते दाराआड उभी राहून मीही ऐकलंय. पदर डोक्यावर असला तरी कान उघडेच असतात, भाऊजी. तो म्हणाला होता, "भाईसाब, गोली अपने आप नहीं छूटी. साहब ने रहम करके ऐसा लिखा है, बच्चे को पेंशन मिले इसलिए. रोज डाकवाले के पास जाके खड़ा रहता था. पूछता था, मेरी तार आई क्या." आणि तुम्ही म्हणालात, "ये बात यहीच रहने दो."

ती तिथंच राहिली. तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. त्या साहेबांचं मी कधी वाईट चिंतलं नाही. त्यांनी लिहिलं म्हणून बन्सी शिकला. मी वाईट चिंतलं ते आत्याबाईंचं. त्यांचं जेवण वाढलं, पाय चेपले, तेल पाठवलं, सगळं केलं, पण मनातून त्यांना कधी माफ केलं नाही. एका तारेत मरायला भ्यालेली म्हातारी अजून दाताखाली चणे फोडते, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं. लेकाला पोचवून आई जगते तेव्हा तिला काय होतं हे मला दिसत नव्हतं, इतका माझ्या डोळ्यांत राग होता.

पुण्याहून येताना जीपमध्ये मळमळतं म्हणून आत्याबाई माझ्यासोबत एसटीनं आल्या. तुम्ही पुढं गेलात. नगर सोडल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "आशा, तुला म्हनून सांगते. मी बद्रीला म्हनले व्हते, टाक बाबा तार. माझ्या नावानं टाक, मी काय त्यानं मरत नाय, आन मेले तर मेले. त्यानं टाकली का नाय गं?"

आजवर त्यांना वाटत होतं की तुम्ही तार केली होती आणि साहेबांनी सुटी नाकारली, आता कुठं त्यांना शंका आली होती. एवढी वर्षं त्या साहेबांना शिव्या देत होत्या आणि मी त्यांना. आणि तुम्ही दोघींच्या मधोमध बसून जेवत होता.

मी त्यांना म्हटलं, टाकली होती आत्याबाई, त्या साहेबानं ती पोचू दिली नाही. काय करणार? त्यांच्या पदरात पुरचुंडी होती, तिच्यातली खडीसाखर त्यांनी मला दिली. त्या वयाच्या बाईला आणखी एक लेक गमवायला लावायचा, तर मला तेवढा दुष्टपणा जमला नाही.

तुम्ही तार का केली नाही, याचा मी गेले पंधरा दिवस विचार करते. शिलाई मारता मारता विचार करते. पैशासाठी म्हणावं तर तुम्ही तसे लोभी नाही, बन्सीच्या फीला तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत, हेही लिहायला हवं. मला वाटतं, तुम्हाला भीती होती की आला तर हा परत जाणार नाही. आपल्या घरातला पहिला सरकारी माणूस. पारावर लोक तुम्हाला विचारायचे, भाऊ कुठं असतो सध्या, आणि तुम्ही कुठली कुठली लांबची नावं सांगायचा. तो नोकरी सोडून येऊन वैरण टाकू लागला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं? म्हणून आईच्या भीतीचं नाव पुढं केलंत. अंदाज तुमचा बरोबर होता. तो आला असता तर परत गेला नसता. इथंच झोपला असता, आणि आज घोड्याला नाही, तर बन्सीच्या मोटारसायकलला भ्याला असता.

मी रडत रडत लिहीत नाहीये, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. मला राग आलाय. पूर्वीही यायचा, पण तो चुकीच्या माणसाच्या दारात बसून होता.

आता बन्सीचं ऐका. पुढच्या महिन्यात त्याच दलाची भरती आहे. तुम्ही त्याला लहानपणापासून सांगत आलात, तुझा बाप छातीवर गोळी झेलून गेला, तू वाघाचा बच्चा. हे ऐकून पोरगं वाढलंय. रोज पहाटे पळतं, पुरुषभर दोरीवर चढतं, आणि आरशासमोर उभं राहतं. धुळवडीला फेटा बांधून बापाचा टाक हातात घेतला असता, सगळ्या गावानं जयजयकार केला असता, आणि तिथूनच ते भरतीला गेलं असतं. तिथं एखाद्या दिवशी झोप आली नाही, तर ते कुणाला सांगणार होतं? वाघाचा बच्चा झोप येत नाही म्हणून घरी पत्र लिहितो का?

म्हणून काल जेवणं झाल्यावर मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. बापानं काय लिहिलं होतं ते शब्द सांगितले. तार कुणी केली नाही तेही सांगितलं, तुमचं नाव घेऊन. तुम्हाला विचारून सांगायला हवं होतं असं वाटलं तर वाटू द्या.

त्यानं ताटातली शितं बोटानं एका कडेला लावली. मग म्हणाला, मी वीर नाचवणार नाही. मी म्हटलं, नको नाचवू. मग म्हणाला, पण भरतीला जाणार. मी त्यालाही नाही म्हटलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या वर्द्या शिवून मी याला वाढवलं, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू. नोकरी वाईट नाही, भाऊजी. माझ्या माणसाला नोकरीनं मारलं नाही.

तेव्हा नाण्याचं तुम्ही ठरवा. मला ते नको, बन्सीला नको. टाक करायचाच असेल तर करा, मी सोनाराकडे आडवी जाणार नाही. मुलगा नसेल तर वीर सख्ख्या भावानं हातात घेतला तरी चालतो, असं गुरवही म्हणतो. तुम्हीच घ्या. फेटा बांधून, हलगीच्या पुढं, सगळ्या गावासमोर घ्या. मात्र आत्याबाईंना यातलं काही सांगू नका. त्यांना तो साहेबच वाईट राहू द्या, त्या साहेबाला त्यानं काही लागत नाही.

माझं मागणं एकच आहे आणि ते नाण्याचं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर हात धुवायला उठताना बन्सीनं मला विचारलं, "आई, मला तिथं नकोसं झालं तर तू बोलावशील ना?" मी हो म्हटलं. पण आज सकाळी कळलं, भरतीच्या अर्जात घरचा नंबर म्हणून त्यानं तुमचा मोबाइल दिलाय. घरातले वडीलधारे तुम्ही, माझ्याकडे दुकानाचा फोन, म्हणून महिन्यापूर्वीच भरून टाकला होता. आता बदलता येत नाही म्हणतात. म्हणजे तिकडून विचारणा झाली तर ती तुमच्याकडे होणार. पुन्हा तुम्हीच.

म्हणून हे पत्र जपून ठेवा. या पोरानं तुम्हाला कधी फोन केला आणि म्हणाला, काका, आई आजारी आहे असं सांगा, तर विचार करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, मला तर मुळीच नाही. आजारी म्हणून भागत नसेल तर मेली म्हणून सांगायचं. एकदा सांगून सोडत नसतील तर दुसऱ्यांदा मारा, तेराव्याला बोलवा, वर्षश्राद्धाला बोलवा. मला अपशकुन लागत नाही. मी दुकानात वर्दी शिवत बसलेली असले तरी तुमच्या जिभेनं मला मारायचं, आणि माझं पोर घरी आणून झोपवायचं.

एवढं केलंत तर समजेन, की मी पत्र लिहिलं आणि ते पोचलं.

तुम्ही म्हणाल त्या दिवशी मेलेली,
आशा